साखरेची खूण

बमरोलीच्या त्या खात्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे. सुरतेत पॉवरलूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला साचा. पत्र्याच्या एका छपराखाली साठ-सत्तर साचे एकदम चालू असले, की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला ओठ तेवढे हललेले दिसतात. म्हणून खात्यातले कारीगर हातांनी बोलत. डोक्यावर सपाट पंजा ठेवला की शेठ आला. मूठ गोल फिरवली की भीम संपला, म्हणजे ताण्याचा रूळ रिकामा झाला. करंगळी वर केली की जाऊन येतो, माझ्या साच्यांकडे बघ. या खुणा कुणी कुणाला शिकवल्या नव्हत्या. खानदेशातून आलेला असो की ओरिसातून, आठवड्याभरात त्या हाताला लागत.

त्यातली एक खूण एकाच माणसाची होती. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली चिमूट दोनदा ओठांना लावायची. तिचा अर्थ, लोटूआप्पाची साखर उतरली, धावा.

लोटू सोनवणे पारोळा तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावचा. त्याच्या आईला आधीची दोन मुलं लाभली नव्हती, म्हणून हे पोर जन्मल्यावर जमिनीवर लोटून मग उचललं आणि मरणालाही नकोसं वाटावं असं नाव ठेवलं. बाविसाव्या वर्षी मेहुण्याच्या मागोमाग भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या पॅसेंजरने तो उधन्याला उतरला आणि साच्यांवर लागला. सुरुवातीला दोन साचे, मग चार, पुढे आठ. डिंडोलीत एक खोली झाली, तिला पुढे ओटा झाला. मुलगी नवापूरकडे दिली. मुलगा योगेंद्र कतारगामला हिरे घासायला जाऊ लागला आणि घरातही गुजराती बोलू लागला. लोटू बोलायला कमी. आयुष्यभर गोंगाटात राहिलेल्या माणसाला घरी शांत बसायला आवडतं, असं त्याची बायको शोभाबाई सांगत असे. त्याला सिनेमा नको, पत्ते नकोत. सुटीच्या दिवशी तो ओट्यावर बसून जुन्या धोट्याची, म्हणजे साच्यात आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळ्याची, टोकं कानशीने घासत राही.

त्याला साखरेचा आजार आहे हे डोळ्यांवरून कळलं. ताण्यातला तार तुटला की चांगल्या कारीगराला तो लांबून दिसतो. लोटूला दिसेनासा झाला. कापडात रेघा पडू लागल्या, खात्यावर देखरेख करणाऱ्या मारुती मास्तरने दोनदा हटकलं. शोभाबाईला वाटलं चष्मा लागला असेल. चष्मेवाल्याने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि आधी रक्त तपासून या म्हणून परत पाठवलं. वस्तीतल्या डॉक्टरने कागद वाचला आणि एक छोटी पांढरी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. गोड बंद, बटाटा बंद, भात कमी. हे नव्वद सालच्या आसपासचं.

गोळीने काम केलं. जरा जास्तच केलं. एका पाळीला लोटू गोळी घेऊन निघाला आणि भीम जोडायच्या गडबडीत डबा तसाच राहिला. दुपारी तो साच्यांच्या मधल्या वाटेत बसला. अंगावरून घामाच्या धारा, हात थरथर कापताहेत, आणि ज्या माणसाने कधी मास्तरकडे मान वर करून पाहिलं नाही तो मास्तरला शिव्या देतोय. सगळ्यांना वाटलं, आप्पा आज पिऊन आला. शेजारचे साचे दत्तूचे होते. तोही पारोळ्याकडचाच, लोटूहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याने सायकलच्या कॅरिअरवर बसवून, एका हाताने धरून, लोटूला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काही न विचारता ग्लासभर पाण्यात साखर ढवळून पाजली. बघता बघता लोटू सावरला आणि मी इथे कसा, म्हणून विचारू लागला.

गोळी घेतली आणि पोटात अन्न नसलं तर साखर नको तितकी खाली येते, असं डॉक्टरने समजावलं. घाम, थरथर, भ्रम झाला की लगेच साखर तोंडात टाकायची. वाट पाहायची नाही.

दत्तूने हे खात्यात जाऊन सांगितलं ते अहिराणीत आणि आपल्या पद्धतीने. म्हणाला, "आप्पाले गोयी चढनी व्हती." आप्पाला गोळी चढली होती. तो शब्द रुजला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे चढलेल्या माणसाबद्दल खात्यात नाही तरी कुतूहल असे. मारुती मास्तर म्हणे, आख्ख्या सुरत जिल्ह्यात सरकारमान्य चढणारा लोटूआप्पा एकटा, आणि तोही साखरेवर उतरतो. लोटू हसे. शोभाबाईने त्याच्या प्रत्येक शर्टाला उजवीकडे आतून एक खिसा शिवला आणि त्यात खडीसाखरेचे खडे ठेवले. पुढच्या काही वर्षांत गोळी पुष्कळदा चढली. लोटू ओठांना चिमूट लावी, किंवा लावायचं भान नसलं तर दुसरं कुणी लावी, आणि जो जवळ असेल तो त्याच्या खिशात हात घालून खडा काढून त्याच्या तोंडात देई. साखर कधी हुकली नाही. आजाऱ्याला जी वस्तू वर्ज्य तीच त्याला उठवते, याचं खात्याला मोठं अप्रूप होतं.

चौऱ्याण्णवला शहरात प्लेगची बातमी फुटली आणि अर्धी डिंडोली गाड्यांना लोंबकळून गावी गेली. लोटू-शोभाबाईही गेले. औषधांच्या दुकानांत सगळे प्लेगवरच्या गोळ्या मागत होते, त्या गर्दीत साखरेच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या. गावी त्या मिळाल्या नाहीत. लोटू गोळ्यांवाचून राहिला आणि त्याला काही झालं नाही. उलट चढणं बंद झालं, म्हणून त्याला बरंच वाटलं. परत आल्यावरही त्याने पुष्कळ दिवस गोळी घेतली नाही. शोभाबाई टोकत राहिली. तो म्हणे, दुखत नाही ते औषध कशाला. साखर दुखत नाही हे खरंच. ती आत आपलं काम करत असते.

सत्त्याण्णवच्या थंडीत उधन्याचा रेल्वेपूल चढताना लोटू मधेच थांबू लागला. छातीवर कुणी भीम ठेवलाय असं वाटतं, म्हणाला. योगेंद्रने रजा टाकली आणि त्याला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. मांडीतून नळी घालून हृदयाच्या नसांचे फोटो काढले. तिथला हृदयाचा डॉक्टर तरुण होता. त्याने फोटो उजेडापुढे धरून हिंदी-गुजरातीत सांगितलं, की नस एका जागी बंद असती तर फुगा घालून उघडली असती, नाहीतर ऑपरेशन करून जोड दिला असता. पण यांच्या नसा साखरेने सगळ्या लांबीभर बारीक झाल्यात. जोड द्यायला धड जागा नाही. औषधांवर राहायचं.

लोटूला ते लगेच समजलं. परतताना रिक्षात त्याने बायकोला समजावलं. तार तुटला तर गाठ मारता येते. सूतच कच्चं आलं असेल तर गाठ मारायची कुठे? शोभाबाईने तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिच्यापुढे एकच गोष्ट होती. हा माणूस टिकला पाहिजे.

डॉक्टरने औषधं बदलली होती. छोटी गोळी अर्ध्यावर आणली आणि तिच्या जोडीला एक मोठी दिली. ही मोठी साखर एकदम पाडत नाही, शिवाय साखरवाल्यांच्या हृदयाला ही जास्त मानवते असं वाटू लागलंय, परदेशात त्यावर मोठा अभ्यास चाललाय, असं तो म्हणाला. जमली तर हळूहळू छोटी बंदच करू. त्याशिवाय रक्त पातळ राहण्याची गोळी. आणि एक जिभेखाली धरायची, छातीत दुखलं तर. ही शोभाबाईने डावीकडे नवा खिसा शिवून त्यात ठेवली. घाम आणि थरथर आली तर उजवा खिसा, छातीत दुखलं तर डावा. तिने हे लोटूकडून दहादा वदवून घेतलं आणि दत्तूला घरी बोलावून त्याच्याकडूनही.

मोठी गोळी लोटूला सोसली नाही. पोट बिघडलं. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला असं होतं, जेवणाबरोबर घ्या, थोडे दिवस काढा. पण आठ साचे चालवणाऱ्या माणसाला थोडे दिवस काढता येत नाहीत. संडास खात्यामागे, आवाराच्या टोकाला. करंगळी दाखवून गेलं की शेजारचा एकदा पाहील, दोनदा पाहील. त्याचेही आठ असतात. लोटू तिकडे असताना इकडे बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी संपे, तार तुटे, कापड वाया जाई. मारुती मास्तर भला माणूस, पण त्यानेही सांगून टाकलं की आप्पा, पोट सांभाळा नाहीतर चार साचे दुसऱ्याला देतो.

लोटूने मोठी गोळी सोडली. लपवून नाही, बायकोला सांगून. त्यावरून त्यांच्या घरात एकदाच काय तो आवाज चढला. शोभाबाई म्हणाली, मग साचे सोडा. वॉचमनची कामं मिळतात, खुर्चीवर बसायचं. योगेंद्र कमावतोय. लोटू भाकरी मोडता मोडता थांबला.

"पोटकरता साचा चालवस," तो म्हणाला, "आते पोटकरताच बंद करू का?"

"पोटकरता नही. मन्हाकरता करा."

तो भाकरी संपवून हात धुऊन कामावर गेला. छोटी गोळी त्याने पुन्हा पूर्ण सुरू केली. तिची त्याला सवय होती. ती चढते हे ठाऊक होतं, आणि चढली की काय करायचं हे आख्ख्या खात्याला ठाऊक होतं. शोभाबाई पुढे वर्षभर अधूनमधून विषय काढत राहिली. डॉक्टरकडे तीन महिन्यांनी जायचं ते सहा महिन्यांनी गेले, आणि मोठी गोळी घेतो का असं डॉक्टरने विचारल्यावर लोटूने मान हलवली ती हो की नाही हे कुणाला कळलं नाही. शोभाबाई शेजारीच बसली होती. तिने खरं सांगितलं नाही. बाहेरच्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही.

नव्व्याण्णवच्या श्रावणातली गोष्ट. कानबाईचे रोट नुकतेच होऊन गेले होते. लोटूने सणातही पथ्य मोडलं नव्हतं. त्या सकाळी तो उठला तो डावा जबडा धरूनच. रात्रभर दाढ ठणकत होती, म्हणाला. शोभाबाईने तोंड उघडायला लावून पाहिलं. दाढा किडलेल्या होत्याच, त्यामुळे नवं काही दिसलं नाही. तिने लवंग दाढेखाली धरायला दिली. भाकरी चावेना म्हणून त्याने दुधात मोडलेले दोन घास खाल्ले, छोटी गोळी घेतली आणि दिवसपाळीला गेला. आज घरी राहा, असं ती म्हणाली होती. दाढ दुखते म्हणून कोणी खाडा करतं का, असं म्हणत त्याने चपला घातल्या.

दुपारी दत्तू टेम्पोतून आला. त्याने दारात उभं राहून एवढंच सांगितलं की आप्पाला हॉस्पिटलात ठेवलंय, चला. ती पोचली तेव्हा लोटू गेला होता. सिस्टरने त्याचा शर्ट तिच्या हातात दिला. उजवा खिसा रिकामा होता. डाव्या खिशातली गोळी तशीच होती, वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं.

रडण्याचे दिवस रडण्यात गेले. माणसं येत होती, बसत होती, जात होती. शोभाबाईला त्या सगळ्यात एकच विचारायचं होतं आणि विचारायला माणूस मिळत नव्हता. डाव्या खिशातली गोळी का राहिली? छातीत दुखलं नाही का त्यांच्या?

दहाव्यानंतर ती योगेंद्रला घेऊन हॉस्पिटलात गेली. ज्या डॉक्टरने शेवटी पाहिलं होतं तो भेटला. त्याने सांगितलं, हार्ट अटॅक होता, मोठा. आणायला उशीर झाला होता. जिवंत होते तेव्हा रक्तातली साखर तपासली, ती साडेतीनशेच्या वर होती.

योगेंद्रने विचारलं, मग साखर उतरली नव्हती?

डॉक्टर म्हणाला, उतरली असेल असं वाटत नाही. पण तोंडात खडीसाखर होती, कुणी बरीच भरवली होती. त्यामुळे आधी किती होती ते आता नक्की सांगता येणार नाही.

शोभाबाईने छातीचं विचारलं. डॉक्टरने मग खुर्ची जरा पुढे ओढली. म्हणाला, जुनी साखर असली की दुखणं कळवणाऱ्या शिरा बधिर होतात. अशा माणसाला अटॅक येतो आणि छातीत दुखतच नाही. नुसता घाम सुटतो, गळून जातो. काहींना पाठीत दुखतं, खांद्यात, काहींना जबड्यात. माणसाला वाटतं दाढ दुखते.

योगेंद्रने आईकडे पाहिलं. लवंगेचं त्याला माहीत होतं.

ती मोठी गोळी घेतली असती तर वाचले असते का, हेही तिने विचारलं. गेल्याच वर्षी परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आलाय, डॉक्टर म्हणाला. वजन जास्त असलेल्या माणसांत ती गोळी घेणाऱ्यांना अटॅक कमी आले असं दिसलं. पण ते हजारो माणसांचं बोलणं आहे. तुमच्या माणसाचं मी सांगू शकत नाही, बेन. लवकर आणलं असतं तर मात्र काही करता आलं असतं.

परतताना बसमध्ये योगेंद्र दत्तूकाकाला जाब विचारायची भाषा करू लागला. गुजरातीत, दातओठ खात. शोभाबाईने त्याचा हात दाबून धरला. दत्तूने नऊ वर्षांत आप्पाला किती वेळा उठवलं होतं, ते तिला ठाऊक होतं, योगेंद्रला नव्हतं. तिने ठरवलं, दत्तूला यातलं काही कळू द्यायचं नाही. जे झालं ते झालं. लवंग तिने दिली होती, साखर त्याने. दोघांपैकी एकाने ते उरात ठेवलं तर पुरे.

चौदाव्यानंतरच्या रविवारी दत्तू घरी आला. चहा झाला. कप खाली ठेवून तो आपणहून सांगू लागला. तिने विचारलं नव्हतं.

चहावाला यायच्या थोडं आधीची वेळ. आप्पा साच्याला टेकून उभे. शर्ट घामाने चिंब. दत्तूने लांबून पाहिलं आणि हाताने विचारलं, काय? आप्पांनी हात वर नेला. दत्तूने ओळखलं आणि सगळ्यांना चिमूट दाखवली. धावले. एक खडा दिला, दोन दिले. आप्पा मान हलवत होते, थुंकायला बघत होते. पण गोळी चढल्यावर ते तसं करतच, आधीही करत. म्हणून जबरीने भरवलं. कापडाच्या ताक्यांच्या ढिगावर निजवलं. चहावाला येऊन गेला. दरवेळी चहा येईपर्यंत चढलेली गोळी उतरायची, या वेळी उतरेना, म्हणून आणखी साखर दिली. मग त्यांचे ओठ काळे दिसले, तेव्हा मास्तरने साचे बंद केले. साचे बंद झाल्यावर आप्पांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ते कण्हत होते.

"हात कुठे नेला त्यांनी?" शोभाबाईने विचारलं.

"वर. आसा." दत्तूने दाखवलं. त्याने उघडा पंजा डाव्या गालाखाली, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत लावला. बोटं जुळलेली नव्हती. ओठांना लागलेली नव्हती. त्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्याने जे पाहिलं होतं ते हाताने जसंच्या तसं केलं होतं, एखाद्या चांगल्या कारीगरासारखं, आणि त्याचा अर्थ मात्र खात्याचा लावला होता.

शोभाबाईने मान खाली घातली. लोटू त्या गोंगाटात सांगत होता, इथे दुखतंय. त्याने सकाळी तिला सांगितलं होतं तेच.

"वहिनी, मी चुकनू का?" दत्तूने विचारलं.

नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात दत्तूच पुढे बोलला. त्याला कदाचित उत्तर ऐकायचंच नव्हतं. म्हणाला, आप्पा गेले, पण खातं शहाणं करून गेले. मारुती मास्तरलाही गेल्या महिन्यात साखर निघालीय. तीच छोटी गोळी. चालताना त्याला दम लागतो, मधे मधे घाम येतो. मी त्याच्या बायकोला सांगून तुमच्यासारखा खिसा शिवून घेतलाय, वहिनी. खडीसाखर मीच नेऊन दिली. परवा एकदा भरवलीसुद्धा. आता कुणाला घाम आला की सगळे तयार.

शोभाबाई उठून आत गेली. चुलीजवळ उभी राहिली. बाहेर दत्तू वाट बघत होता. मारुतीला तिने दोनदा की तीनदा पाहिलं होतं. त्याला लहान मुली होत्या. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो दत्तूपुढे ठेवून खाली बसली.

"दत्तूभाऊ," ती म्हणाली, "साखरनी खूण नही व्हती ती."

तिने स्वतःचा पंजा जबड्यावर लावून दाखवला. मग चिमूट ओठांना लावून दाखवली. एकदा हे, एकदा ते. मग डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं, न रडता, क्रमाने. घाम दोन्हींत येतो. छाती दुखेलच असं नाही. साखर द्यायची, एकदाच, आणि ती देऊन उठला नाही तर चहाची वाट बघायची नाही. साचा बंद करायचा, विचारायचं कुठे दुखतं, आणि हॉस्पिटल. लवंगेचंही तिने सांगितलं, म्हणजे त्याला एकट्याला वाटू नये म्हणून. पण ते त्याने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

मग तो म्हणाला, "थुंकी ऱ्हायना व्हता तो. मी तोंड दाबी धरं."

पाण्याला न शिवता तो उठला. ओट्याखाली उभी केलेली सायकल त्याने घेतली आणि तिच्यावर न बसता, हातात धरून चालत गेला.

दत्तूने दुसऱ्याच दिवशी खात्यात सगळ्यांना सांगितलं. मारुती मास्तरला घेऊन तो हृदयाच्या डॉक्टरकडेही गेला. हे शोभाबाईला मारुतीच्या बायकोकडून कळलं. दत्तू स्वतः पुन्हा तिच्या ओट्यावर आला नाही. दिवाळीच्या आत त्याने बमरोलीचे आठ साचे सोडले आणि कतारगामला कुठल्याशा गोडाऊनमध्ये ताके मोजायला लागला. तिथे साचे नव्हते, खुणा नव्हत्या. घरी तो जेवता जेवता उठतो, असं लोक सांगत.

दत्तूची बायको मंदा एक दिवस शोभाबाईला म्युनिसिपालटीच्या नळावर भेटली. दोघींचे हंडे एकामागे एक लागलेले होते. मंदाचा हंडा भरत आला तेव्हा ती नळाकडेच बघत म्हणाली, की तुमचा माणूस तर गेलाच होता, वहिनी. माझा जिता होता.

शोभाबाईने आपला हंडा हाताशी ओढला.

"नही सांगतीस तर काय बिघडतं तुन्हं?" मंदा म्हणाली. तिने आजवर शोभाबाईला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"मन्हं काय बिघडतं," शोभाबाई म्हणाली. "मारुती शे ना."

मंदाने भरलेला हंडा उचलला. कंबरेवर घेताना पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, ते तिने झटकलं नाही. वस्तीत जाताना त्या दोघी नेहमी एकत्र जात असत. शोभाबाईने आपला हंडा नळाखाली सरकवला आणि तो भरेपर्यंत तिथेच उभी राहिली.